तरणतलावावरील नातवंडें

मुलें असलेल्या कुटुंबांस घर नाकारणें अमेरिकेंत १९८८ च्या कायद्यानें निषिद्ध झालें. ॲरिझोना राज्यांत १९६० सालीं खुल्या झालेल्या सन सिटीसारख्या वृद्धांच्या वसाहतींस मात्र कांहीं अटींवर सूट मिळाली. अशा वसाहतींतील सामायिक तरणतलावांत नातवंडांना बहुधा ठराविक तासच उतरतां येतें. हा नियम अन्यायाचा म्हणवत नाहीं. दुखऱ्या गुडघ्यांनीं पाण्यांत सावकाश चालणाऱ्यास उडी मारणाऱ्या पोराचा धक्का जिवावर बेतूं शकतो. परंतु चार दिवसांकरितां आलेल्या नातवाला कांठावर बसवून ठेवणारी आजीहि वृद्धच ना? तिचा आनंद कोणत्या खात्यांत धरावा? आमच्या मतें तास असावेत. शाळांच्या सुटींत ते वाढवावेत, आणि शांतताप्रियांनीं तेवढे दिवस पहांटेचें पाणी पतकरावें. त्या वेळीं नातवंडें झोपलेलींच असतात.