सांधलेल्या काठीचा भरवसा

मोडलेली वस्तू सांधून वापरणे हा केवळ काटकसरीचा प्रश्न आहे, की त्यात नीतीचाही काही भाग आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे. थोर विषयांची चर्चा थोर उदाहरणांनीच करावी असा नियम नाही. म्हणून आम्ही एक अगदी क्षुल्लक दिसणारी वस्तू घेतो. ती म्हणजे गळाची काठी, आणि तीतही तिचा मोडलेला शेंडा.

आमच्या परभणी जिल्ह्यात ही वस्तू अनोळखी नाही. दक्षिणेकडून गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या तालुक्यांच्या शिवारांना लागून वाहते. दुधना आणि पूर्णा या नद्याही याच जिल्ह्यातल्या. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरी येथे धरण झाले, ते 1968 साली पुरे झाले. गोदावरीवर ढालेगावासारखे बंधारे त्यानंतरचे. पाणी अडले तेथे मासा वाढला. जाळी व नावा बाळगून मासेमारी करणे हा भोई समाजाचा पिढीजात धंदा. परंतु ज्याच्यापाशी जाळे नाही आणि नावही नाही, त्याला वेळूची एक काठी, थोडा नायलॉनचा तंगूस, एक गळ आणि कणकेची गोळी अथवा गांडूळ एवढ्यावर संध्याकाळची कढी मिळविता येते. मजुरी न मिळालेल्या दिवशी अशा घरी काठी हे खेळणे नव्हे, ते भाकरीचे साधन होय. म्हणून तिचा शेंडा मोडला तर नुकसान किती, हे बाजारातील किमतीवरून मोजता येत नाही.

आता शेंड्याचे काम काय ते पाहू. काठी बुडाशी जाड आणि टोकाशी बारीक असते. भरीव गोल काठीचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने कमीजास्त होतो. म्हणजे जाडी निम्मी झाली की ताठपणा सोळावा हिस्साच उरतो. यामुळे माशाने हलकासा स्पर्श केला तरी तो प्रथम शेंड्याला कळतो, आणि मासा हिसका देऊ लागला की शेंडाच वाकून तो हिसका सोशितो. तो न वाकता तर तंगूस तुटता, नाहीतर गळ माशाच्या ओठातून निसटता. संपूर्ण काठीत अत्यंत दुबळा भाग तोच, आणि अत्यंत उपयोगाचाही तोच.

तो मोडतो तेव्हा बहुधा आपण म्हणतो, शेंडा कच्चा होता. हे म्हणणे दरवेळी न्यायाचे असते काय? शेंडा मोडण्याची कारणे पुष्कळदा हाताच्या चुकीत सापडतात. मोठा रोहू लागला म्हणजे घाईने काठी उभी, किंबहुना मागे, खेचली जाते; तसे केले की जाड बुंध्याकडे जावयाचा भार सारा बारीक टोकावर येतो. गळ खडकात किंवा बाभळीच्या बुडालेल्या फांदीत अडकला तर तंगूस हाताला फडके गुंडाळून ओढावा, काठीने ओढू नये, हे जाणता मनुष्य जाणतो. पण उतावळा काठीच ओढितो. दोष हाताचा आणि दंड शेंड्याला, असा हा निवाडा होतो. आणि जोवर निवाडा चुकीचा आहे, तोवर नवा शेंडा बसविला तरी तोही त्याच हाताने त्याच जागी मोडेल. यास्तव दुरुस्तीचा आरंभ सुरीने होत नाही. मोडण्याचे खरे कारण शोधण्याने होतो. आमच्या मते हे दुरुस्तीचे पहिले नीतितत्त्व होय.

दुसरे तत्त्व वेळूची काठी सांधणाराच्या कामावरून दिसते. मोडलेल्या जागी नुसता दोरा गुंडाळून भागत नाही. वेळू मोडतो तेव्हा त्याच्या शिरा उभ्या चिरत जातात, आणि ती चीर मोडलेल्या जागेच्या पलीकडेही डोळ्यांना न दिसता गेलेली असते. म्हणून चीर संपून निकोप वेळू लागेपर्यंत मागे कापीत यावे लागते. मग आंब्याला कलम बांधिताना घेतात तसा लांब तिरका काप काठीला आणि नव्या शेंड्याला, दोहोंना घ्यावा. त्याची लांबी तेथल्या जाडीच्या निदान दहापट असावी. दोन्ही काप एकमेकांवर असे बसावेत की मधून उजेड दिसू नये. सरस अथवा हल्ली मिळणारा दोन नळ्यांचा चिकट पदार्थ लावून, मेण लाविलेला सुती दोरा वळाशी वळ लावून घट्ट गुंडाळावा, आणि पाणी शिरू नये म्हणून वरून रोगण द्यावे. काप आखूड घेतला तर जोड ताठ होतो आणि काठी जोडाच्या शेजारीच पुन्हा मोडते. नवा तुकडा ओला असला तर वाळताना आक्रसतो व जोड सैल पडतो. म्हणून तो पावसाळ्यानंतर तोडलेल्या, सावलीत वाळविलेल्या वेळूचा असावा. मानवेल जातीचा वेळू बहुधा जवळजवळ भरीव असतो, तो या कामी चांगला.

हल्ली काचतंतूच्या व कार्बनच्या काठ्याही खेड्यापाड्यांत पोहोचल्या आहेत. त्यांच्या टोकाला तंगूस ओवावयाचे एक कडे असते. ते कडे तडकले तर तंगूस हिसक्यासरशी तुटतो, आणि तडा मात्र दिसत नाही. तो ओळखण्याची युक्ती आमच्या कापसाच्या मुलखाला शोभेल अशीच आहे: कापसाचा बोळा कड्यातून फिरवावा, तडा असेल तेथे तंतू अडकून राहतील. अशा काठीचे टोक मोडले तर चिरडलेला भाग बारीक करवतीने कापून टाकावा. कार्बनची पूड श्वासात जाऊ नये म्हणून नाकाला फडके बांधावे. उरलेल्या टोकाला बेताने बसेल असे नवे कडे घ्यावे. काठी तासून कड्यात घालू नये, कारण बाहेरचे तंतूच तिचे बळ असतात. उष्णतेने वितळणारा सरस लावून, तो निवण्याआधी कडे इतर कड्यांच्या रांगेत आणावे. असे केल्याने काठी बोट दोन बोटे आखूड आणि किंचित ताठ होते, परंतु चालते.

या दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. कोठेतरी लांबीचा त्याग केल्यावाचून दुरुस्ती होत नाही. निकोप भागापर्यंत मागे जाण्याची ज्याची तयारी नाही, तो वरून कितीही सुबक दोरा गुंडाळो, त्याने दुरुस्ती केली नाही, झाकाझाक केली.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बाजारात नवी काठी मिळते. ज्याला परवडते त्याने ती घ्यावी, आमची हरकत नाही. तथापि वस्तू टाकून देणे ही सवय झाली म्हणजे ती करणाऱ्या हातांची किंमतही मनातून उतरते. जगातही आता हा विचार मागे वळत आहे. फ्रान्स देशात 2021 सालापासून काही यंत्रांवर ती कितपत दुरुस्त होण्याजोगी आहेत याचा अंक छापावा लागतो. आपल्या केंद्र सरकारनेही 2022 साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमिली. आणि आमच्या वाचकांस हे सांगावयास नकोच की, जब्दीचे पुत्र पाचारण झाले त्या घटकेस नवी जाळी विकत घेत नव्हते, तर जुनीच नीट करीत बसले होते.

परंतु दुरुस्तीचा अभिमानही मर्यादेत असावा. विहिरीत उतरणाऱ्या माणसाचा दोर विरला असता त्याला गाठ मारून पुन्हा माणूस उतरविणे ही काटकसर नव्हे, ते दुसऱ्याच्या जिवावर केलेले धाडस होय. गळाची काठी जोडाशी मोडली तर एक मासा जाईल. दोर तुटला तर एका घरचा कर्ता जाईल. सांधलेली वस्तू कोठे चालेल आणि कोठे चालणार नाही, याचा विवेक चुकीची किंमत कोण भरणार यावरून करावा. ती किंमत आपण स्वतः भरणार असू तर धोका पत्करण्यास आपण मोकळे आहोत. दुसरा भरणार असेल तर नाही.

यातूनच तिसरे तत्त्व निघते, आणि आमच्या मते सर्वांत कठीण तेच. सांधलेली काठी विकावयाची किंवा उसनी द्यावयाची असली, तर तिचा जोड दाखवून द्यावी. रोगण इतके सफाईने देता येते की घेणाऱ्यास जोड दिसणारच नाही. जोड भक्कम आहे, मग सांगावयाचे कशाला, असा युक्तिवाद मनात येतो. पण जोड खरोखर भक्कम असेल तर सांगण्यात तोटा तो काय? आणि सांगावयाची भीती वाटत असेल, तर आपल्या कामाविषयी आपल्यालाच शंका आहे असे ठरते. घेणाऱ्याला जोड ठाऊक असला म्हणजे तो तेथे जपतो, अधूनमधून दोरा तपासतो, काठी उभी खेचीत नाही. सत्य सांगितल्याने काठीचे आयुष्य वाढते, लपविल्याने घटते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. सांधलेल्या वस्तूवर भरवसा ठेवावा काय? आमचे उत्तर असे की, कारण शोधले, निकोप भागापर्यंत कापले, आणि जोड उघड ठेविला, या तीन अटी पुऱ्या झाल्या असतील तर अवश्य ठेवावा. एकही राहिली असेल तर ठेवू नये. बांधावरून तुटलेले भाऊ पंचांसमोर हात मिळवितात आणि पुढल्या पेरणीला पुन्हा तुटतात, तेथे या तिहींपैकी कोणती अट राहून गेली होती, हे ज्याचे त्याने पाहावे. बहुधा दुसरी राहिलेली असते. कारण आपल्याकडील लांबी कमी करून घेणे कोणासही आवडत नाही. आणि घरात जो सर्वांत दुबळा, ज्याला पहिला हिसका बसतो, तो मोडला म्हणजे त्यालाच कच्चा ठरविण्यापूर्वी, काठी कोणी व कशी ओढिली याची चौकशी आधी व्हावी, एवढीच आमची विनंती आहे.