ऐकण्याआधी दिलेला निवाडा

आवडीनिवडीविषयी वाद घालू नये, असे जुनी माणसे सांगत. एकाला पुरणपोळी आवडते, दुसऱ्याला सुके बोंबील. त्यात पाप कसले आणि पुण्य कसले? आम्हीही अनेक वर्षे असेच मानत होतो. परंतु उतारवयात एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. ज्या गाण्यांना आणि गायकांना आम्ही एके काळी नाके मुरडली, त्यांतील कित्येक आज आम्हांला मनापासून आवडतात. गाणी तीच आहेत, स्वर तेच आहेत; बदललो ते आम्ही. मग प्रश्न उरतो, की आमची पूर्वीची नावड ही चूक होती काय? आणि ती चूक असेल, तर तिची भरपाई कोणी व कशी करावयाची?

हा प्रश्न आम्हांला एखाद्या ग्रंथातून सुचलेला नाही. तो आमच्याच चर्चच्या सभागृहात, १९८६ सालच्या आगमनकाळात, आमच्यापुढे उभा राहिला होता. त्या वेळी मात्र आम्ही तो ओळखला नाही.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सासाठी गायनवृंदाचा सराव चालू होता. आम्ही सातआठ जुने गायक पुढच्या बाकांवर बसलो होतो. धर्मग्रामातील एक विशीचा तरुण गिटार घेऊन आला आणि स्वतः चाल लावलेले एक अर्पणगीत गाऊ लागला. दुसरे कडवे संपते न संपते तोच आमच्यापैकी एकाने हात वर केला. हे लग्नाच्या मांडवात शोभेल, वेदीसमोर नाही, असे आम्ही सर्वांनी एकमुखाने सांगितले. तो तरुण शांतपणे म्हणाला, "काका, एकदा शेवटपर्यंत ऐकून तरी घ्या." त्यावर आम्ही उत्तरलो, "ऐकले तेवढे पुरे झाले."

आम्ही एवढ्यावरच थांबलो नाही. फादरांना पत्र लिहिले व खाली सह्या केल्या. सणाच्या तोंडावर तंटा नको म्हणून फादरांनी आमचे ऐकले. गिटार घरी राहिली आणि तिच्याबरोबर त्या तरुणाचा सूरही. तो मिस्साला येत असे, पण माळ्यावर चढत नसे; मागच्या दाराशी उभा राही. पुढे दोनतीन वर्षांत तो आखातात नोकरीला गेला.

आज त्या प्रसंगाचा विचार करताना आम्ही स्वतःला विचारतो, की आम्हांला नेमके काय आवडले नव्हते? चाल? ती तर आम्ही पुरती ऐकलीच नव्हती. शब्द? ते स्तोत्रांवर आधारलेले होते. खरे सांगायचे तर गिटार म्हटली, की आमच्या डोळ्यांपुढे शनिवारची लग्ने, मांडवातील नाच आणि बाटल्यांचा खणखणाट उभा राही. आम्ही गाणे ऐकत नव्हतो. गाण्याच्या संगतीला असलेल्या आमच्या आठवणी ऐकत होतो. नावड वाद्याची नव्हती, भीतीची होती.

यातील गंमत अशी, की याच भीतीचा फटका आम्ही स्वतः तरुणपणी खाल्ला होता. १९०३ साली संत दहावे पायस यांनी चर्चमधील संगीताविषयी नियम घालून दिले. त्यांत पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटी वाद्ये वर्ज्य ठरविली होती. आमचे वडीलधारे त्याच संस्कारात वाढले. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीवरील संविधान मान्य केले. ग्रेगोरियन गायनाला व पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊनही परिषदेने इतर वाद्यांना दार उघडले आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेचा आदर करण्यास सांगितले. मग मराठी गीते आली, पेटी आली, तबला आला, आणि ती गाणारे तरुण आम्ही होतो! तबला ऐकून कपाळाला आठ्या घालणारे आजोबा आम्हांला अजून आठवतात. त्यांच्या मनात तबल्याची संगत तमाशाशी होती, जशी आमच्या मनात गिटारची मांडवाशी.

बिचाऱ्या पेटीचे भाग्य तर आणखी विचित्र. हार्मोनियम हे मूळचे युरोपातील, एकोणिसाव्या शतकातील वाद्य. भारतात ते रुजले आणि भजनापासून नाट्यगीतापर्यंत सर्वत्र शिरले. आकाशवाणीने १९४० साली त्याच्यावर बंदी घातली, कारण ते विदेशी होते आणि आपल्या रागसंगीतातील मिंड व श्रुती त्याला पेलत नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. एका दारी पेटी परकी ठरली, तर आमच्या आजोबांच्या दारी ती फार देशी ठरली. पेटी मात्र एकच होती.

त्या तरुणाच्या गिटारच्या पेटाऱ्यात बॉब डिलन या अमेरिकन गायकाची एक कॅसेट असे. ती आम्ही एकदा ऐकली होती. पडसे झालेल्या माणसाने किराणा दुकानाची वही मोठ्याने वाचावी, तसा तो आवाज आम्हांला वाटला होता. या गायकाच्या वाट्याला आलेल्या नावडीची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. १९४१ साली जन्मलेला डिलन साधी गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन लोकगीतांच्या वळणाची गाणी गात प्रसिद्ध झाला. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेवर चालणारी गिटार व साथीदार घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याच चाहत्यांनी आरडाओरडा केला. पुढच्या वर्षी, १७ मे १९६६ रोजी, इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एक श्रोता त्याला उद्देशून ओरडला, "जुदास!"

हा शब्द आम्हां ख्रिस्ती माणसांना अंगावर काटा आणणारा आहे. एका गायकाने वाद्य बदलले, एवढ्यासाठी त्याला प्रभूचा विश्वासघात करणाऱ्याचे नाव! आमच्या त्या पत्रात हा शब्द नव्हता. पण वेदीचा अपमान होतो, असे आम्ही लिहिले होतेच. स्वतःच्या कानाला न रुचणारी गोष्ट देवालाही रुचत नसणार, असे गृहीत धरणे ही नावडीची सर्वांत धोकादायक पायरी होय. मँचेस्टरच्या त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण १९९८ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाले आणि ज्याची हुर्यो उडाली, ते गायन आज रसिक मोलाचे मानतात.

डिलनकडे आम्ही पुन्हा वळलो, ते मात्र रसिकतेमुळे नव्हे. २७ सप्टेंबर १९९७ रोजी इटलीतील बोलोन्या येथे पवित्र मिस्साविषयक राष्ट्रीय अधिवेशनात डिलन पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर गायला. पोपमहाशय तेव्हा ७७ वर्षांचे होते. डिलनने डोक्यावरची हॅट काढून त्यांची भेट घेतली. पोपमहाशयांनी तरुणांशी बोलताना त्याच्याच एका प्रसिद्ध गीतातील वाऱ्याची प्रतिमा घेतली आणि तो वारा पवित्र आत्म्याचा आहे, असे उलगडून सांगितले. बातमी वाचून आम्ही चकित झालो. पोप ज्याला ऐकून घेतात, त्याला आपण का ऐकू नये, एवढ्याच भावनेने आम्ही कॅसेट मागविली. आमच्या कन्येने शब्द कागदावर उतरवून दिले. पहिल्या दिवशी आवाज खुपला. तिसऱ्या दिवशी शब्द कळू लागले. महिन्याभराने तोच घोगरा आवाज त्या शब्दांना शोभतो, किंबहुना गोड गळ्याने ते खोटे वाटले असते, असे वाटू लागले.

येथे कोणी म्हणेल, की ही निव्वळ सवय आहे. १९६८ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखविले, की अर्थ न कळणारी चिन्हे व शब्दही वारंवार समोर आले, की माणसांना अधिक आवडू लागतात. मग आमच्या नव्या आवडीत नैतिक मोल ते काय राहिले? दिवसातून दहादा लागणारी साबणाची जाहिरातही आपण गुणगुणू लागतोच.

आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. सवय खुपणे थांबविते. समजूत त्यापुढे जाते आणि खुपणाऱ्या गोष्टीचे कारण दाखविते. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये स्त्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या नृत्यनाट्याच्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी प्रचंड गोंधळ घातला. एक वर्षही पुरे होण्यापूर्वी, एप्रिल १९१४ मध्ये, त्याच शहरात, त्याच प्येर माँत्यू यांच्या संचालनाखाली ते संगीत पुन्हा वाजले आणि लोकांनी स्त्राविन्स्कीला खांद्यावर घेतले. एवढ्या अवधीत सवय लागावी इतक्या वेळा ते कोणाच्या कानी पडले नव्हते. फरक असा, की दुसऱ्या खेपेस रंगमंचावर नृत्य नव्हते. केवळ वाद्यवृंद होता आणि लोक ऐकण्यासाठी आले होते. पुष्कळदा आपली नावड संगीताला चिकटलेल्या दुसऱ्याच कशाची तरी असते.

तर मग प्रत्येक नावड ही चूकच समजावी काय? तसेही नाही. आपल्या श्रद्धेच्या परंपरेत सावध कान हा सद्गुण मानला आहे. संत ऑगस्टिन यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या खंडात याच पेचाविषयी लिहिले आहे. मतपरिवर्तनाच्या काळात चर्चमधील गायनाने आपल्या डोळ्यांत आणलेले अश्रू त्यांना आठवतात. आणि त्याच वेळी शब्दांपेक्षा सुरांनीच मन हेलावले, तर आपण अपराधी ठरतो, अशी त्यांना धास्ती वाटते. अखेर ते गायनाच्या बाजूने झुकतात, पण डोळे उघडे ठेवून. बोलोन्याच्या त्या संध्याकाळीविषयीही सर्वांचे एकमत नव्हते. कार्डिनल रॅटझिंगर यांना डिलनसारख्यांना त्या व्यासपीठावर आणणे योग्य की अयोग्य, याविषयी शंका होती आणि पोप सोळावे बेनेडिक्ट झाल्यानंतर, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी ती मोकळेपणाने नोंदविली. मोझार्टवर प्रेम करणाऱ्या, स्वतः पियानो वाजविणाऱ्या या विद्वानाची शंका हलक्यात घेण्यासारखी नाही. परंतु ध्यानात घेण्याजोगे हे, की ती आपली शंका म्हणून त्यांनी मांडली, आणि ज्यांच्याशी मतभेद होता, त्या आपल्या पूर्वसुरींविषयी प्रेमाने लिहिलेल्या पुस्तकात मांडली.

येथेच आम्हांला आमच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. आवडणे हे आज्ञेने होत नाही. कोणी कितीही बजावले, तरी न रुचलेले रुचत नाही. म्हणून नावड हे पाप नव्हे. परंतु ऐकणे हे आपल्या हाती असते, आणि म्हणून न ऐकण्याचा जाब आपल्याला द्यावाच लागतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात परूशी मंडळी प्रभूविरुद्ध निर्णय करून मोकळी होतात, तेव्हा निकदेम त्यांना एकच गोष्ट विचारतो: माणसाचे म्हणणे आधी ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय? निकदेम येथे प्रभूची बाजू घेऊन वाद घालत नाही. तो फक्त ऐकून घेण्याचा हक्क मागतो. आमच्या सभागृहातील त्या तरुणाने यापेक्षा अधिक काय मागितले होते?

काही वर्षांपूर्वी आमच्या त्या पत्रावर सही करणारा एक जुना सोबती वारला. अंत्यविधीच्या मिस्सात त्याच्या नातवंडांनी गिटारवर एक गीत हलकेच गायले. तिसऱ्या कडव्यात चाल एकदम खाली उतरली आणि प्रार्थनेसारखी स्थिरावली. आमच्या डोळ्यांत पाणी आले. नंतर चौकशी केली, तेव्हा कळले, की ते तेच अर्पणगीत होते. त्या तरुणाच्या बहिणीने ते जपून ठेवले होते आणि मुलांना शिकविले होते. १९८६ साली आम्ही दुसऱ्या कडव्यावर हात वर केला होता. गाण्याचे मर्म तिसऱ्यात होते.

आम्ही पत्ता मिळवून त्याला पत्र पाठविले. या वेळी सही एकट्याची होती. त्याचा फोन आला. तो रागावलेला नव्हता. घरच्या सगळ्यांची त्याने आपुलकीने विचारपूस केली. गिटारविषयी विचारले, तेव्हा म्हणाला, "काका, ती केव्हाच विकली. आता बोटे वळत नाहीत."

आवड उशिरा आली, तरी आनंद देते. आम्हांला ती मिळाली, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. पण उशिरा आलेल्या आवडीने आधी झालेला अन्याय आपोआप पुसला जात नाही. ते ऋण उरतेच. ते ज्याचे त्याला फेडता येत नसेल, तर निदान त्याच्यानंतर येणाऱ्यांना फेडावे. आता आमच्या धर्मग्रामातील मुले सरावाला नवनवी वाद्ये आणतात. त्यांतले सगळे आम्हांला आवडते, असे मुळीच नाही. जे रुचत नाही, ते आम्ही त्यांना सांगतोही. मात्र सांगतो ते शेवटचे कडवे संपल्यावर.