त्याला काय पाहिजे?

गोदावरीकाठचं पैठण आमच्या पाथरीच्या वरच्या अंगाला. तिथं ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही गोष्ट आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. चमत्कार मोठाच. पण रेड्याला स्वतःचं काही सांगायचं असेल का, हा प्रश्न त्या गोष्टीत कुणीच विचारत नाही.

मला तो गल्लीतल्या एका मुलामुळे पडला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. किराणा दुकानदार त्याच्या डोक्यावरून आईला विचारतो, "त्याला काय पाहिजे?" तोवर पोराचा खांदा वर गेलेला असतो, मान वळलेली असते, तोंड उघडलेलं असतं. शब्द निम्म्या वाटेवर असतो. आई म्हणते, "बिस्किटाचा पुडा द्या." व्यवहार संपला.

जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही, पण मेंदूचा स्नायूंवरचा ताबा बिघडतो. पाय आवळून एकमेकांवर चढतात, हात भलतीकडेच जातो. आणि बोलणं हीसुद्धा हालचालच आहे. जीभ, ओठ, जबडा, श्वास यांचा मेळ बसला तर 'पाणी' हा शब्द होतो. आपला मेळ क्षणात बसतो. त्याचा बसेपर्यंत त्याला दम लागतो. लोकांना वाटतं, याला समजतच नाही.

मालिनी चिब यांनी एका बोटानं टाईप करून आत्मचरित्र लिहिलं, 'वन लिटिल फिंगर'. त्यांच्या आई मिठू अलुर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. डब्लिनचा ख्रिस्ती ब्राउन डाव्या पायानं लिहायचा. अशी उदाहरणं दिली की माणसं हळहळतात आणि म्हणतात, "बघा, किती हुशार!"

इथंच मी अडखळतो. हुशार निघाला म्हणून त्याचं ऐकायचं? सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांना शिकणं-समजणंही जड जातं. त्यांच्या नावावर पुस्तक येणार नाही. म्हणून बिस्किट की चिवडा, हे त्यांना विचारायचंच नाही? आवडनिवड असायला हुशारी कशाला लागते? (आमच्या घरातल्या मांजराची आवडनिवड सगळ्यांना पाठ आहे.)

विचारायला फार महागडं यंत्र लागतं असंही नाही. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवायची, तो कुठं बघतो ते पाहायचं. वर बघितलं तर हो, डोळे मिटले तर नाही, असं ठरवूनही चालतं. लागतो तो वेळ, आणि तो आईकडेच सगळ्यात कमी असतो. तिनं पटकन उत्तर दिलं म्हणून तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दुकानात मागे रांग असते. रांगेत मीही असतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रौढ व्यक्तीसाठी मर्यादित पालकत्व ठेवलं आहे: पालकानं तिच्यासोबत, तिच्या इच्छेनुसार निर्णय घ्यायचा. कागदावर छान आहे. पण समजा, उद्या या मुलाच्या हाती पुठ्ठा आला आणि त्यानं पहिल्यांदा बोट ठेवलं ते 'नको'वर. बिस्किटाला नाही, रोजच्या व्यायामाला. आवळलेले पाय ताणताना दुखतं. न ताणले तर पुढे आणखी आखडतात. आई व्यायाम थांबवणार नाही, आणि तिच्या जागी मीही थांबवणार नाही. मग त्याच्या त्या 'नको'चं काय करायचं?