धरलेला हात



जुलैचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा दर्यावर्दी लोकांसाठी प्रार्थनेला देते. आपल्या चौसाळ्यात पावसाची वाट पाहावी लागते. समुद्राचे भय आपल्याला काय ठाऊक? परंतु १७ मे २०२१ आठवा. तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' या तराफ्याचे नांगर तुटले व तो बुडाला. वर २६१ जण होते. लाईफ जॅकेट घालून त्यांनी उड्या घेतल्या. काही जण एकमेकांचे हात धरून रात्रभर तरंगत राहिले. खवळलेल्या पाण्यातून 'आयएनएस कोची' व इतर जहाजांनी १८६ जणांना वाचविले.

बाकीच्यांना देवाने टाकले काय? असे म्हणू नये. संत पौलाचे जहाज माल्टाजवळ फुटले, तेव्हा २७६ पैकी एकही दगावला नाही. तोच पौल पुढे रोममध्ये रक्तसाक्षी झाला. तेव्हा देवाने त्याच्यावर प्रेम करणे सोडले होते काय? क्रुसावरून प्रभू येशूलाही कोणी उतरविले नाही. वाचणे हे देवाच्या प्रेमाचे माप नव्हे. बुडणाऱ्यासोबतही तो असतो, आणि धरलेल्या हातातून तो ओळखू येतो.

दसरा-दिवाळीला आपली माणसे ऊसतोडीला जातील. आज ती घरी आहेत. आजच त्यांना विचारा, मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे, लेकरांकडे कोण पाहणार? तो हात आपण धरू या.

समुद्रात मरण पावलेल्यांना प्रभू चिरशांती देवो. आमेन.