चौक, भिंत आणि पाहणाऱ्याचे ऋण

जपानच्या निइगाता प्रांतात तोकामाची येथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला संग्रहालय स्थापन केले. मधुबनी चित्रांबरोबर तेथे वारली चित्रेही आहेत. शीवहून गेलेल्या मराठी प्रवाशाला शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या डहाणू तालुक्यातील कला तेथे परक्या भिंतीवर भेटते. अशा वेळी अभिमान सहज उपजतो. परंतु तो विचाराला पर्याय ठरू शकत नाही. प्रश्न असा, की जी कला मुळात टिकण्यासाठी नव्हतीच, ती टिकवून पाहण्याचा अधिकार आपल्याला कशाने प्राप्त होतो?

वारल्यांच्या लग्नात सवाशिणी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मध्यभागी पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गात असते. विधी आटोपला की चित्राचे प्रयोजनही संपते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांनी तिला विधीबाहेरचा आशय दिला. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्राला कर्ता लाभला. चौक काढणाऱ्या स्त्रिया मात्र अनामच राहिल्या.

म्हणून संग्रहालयच दोषी, असे म्हणता येईल काय? शहरी कवीने परंपरेशी घेतलेली फारकत आपण नवता म्हणून गौरवतो. मग म्हसे यांची फारकत तेवढी ऱ्हास कशी? आदिवासी कलावंताने विधीतच राहावे, ही शुद्धतेची मागणीही एक प्रकारची सत्ताच होय. शिवाय जात्यावरची ओवी जात्याविना, गळ्याविना, छापील पानावर वाचणारे आपण साहित्याचे अभ्यासक या व्यवहारात आधीच सामील आहोत.

होर्यू-जी मंदिरातील भित्तिचित्रे १९४९ च्या आगीत होरपळली. त्यानंतर १९५० साली झालेल्या जपानी कायद्याने वस्तूंप्रमाणेच अमूर्त कौशल्यांनाही संरक्षणाचा विषय मानले. हा भेद येथे मोलाचा आहे. वस्तू जपली म्हणजे परंपरा जपली, असे होत नाही. परंपरा हातांत, गळ्यांत आणि प्रसंगांत असते.

तेव्हा पाहण्याचा अधिकार नुसत्या रसिकतेने सिद्ध होत नाही. भिंतीवरचे चित्र ही एक अपुरी संहिता आहे. तिच्यातून गळालेला विधी, गाणे आणि स्त्रियांचे कर्तृत्व यांची जाणीव ठेवून ती वाचणे, एवढे ऋण पाहणाऱ्यावर राहते. सौंदर्यानुभव त्याने उणावत नाही. उलट त्याला उत्तरदायित्वाचे परिमाण लाभते. समीक्षेनेही लोकसाहित्याचे संकलन वाचताना हेच ऋण मानले पाहिजे.