ऑस्टियातलं घर

मित्राची आई गेली की समाचाराला जाणारा माणूस दारातच अडखळतो. दुःख आपलं म्हणावं, तर ती त्याची आई नव्हे. परकं म्हणावं, तर तिच्या हातचं तो कितीदा जेवलेला असतो. माणूस श्रद्धाळू असेल तर पेच आणखी वाढतो. मृत्यूनंतरच्या जीवनावर विश्वास ठेवणाऱ्यानं रडावं का? आणि रडणाऱ्या मित्राला त्यानं काय सांगावं?

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचा एक अतिशय प्रामाणिक जबाब सापडतो, तो रोमजवळच्या ऑस्टिया बंदरातल्या एका घरात. साल इ.स. 387.

त्या घरात उत्तर आफ्रिकेतली काही माणसं उतरली होती. वक्तृत्वशास्त्राची मोठी नोकरी सोडलेला ऑगस्टीन, त्याची आई मोनिका, भाऊ नाविगियस, किशोरवयीन मुलगा अदेओदातुस आणि गाववाला मित्र एव्होदियस. एव्होदियसनंही बादशाही चाकरीवर पाणी सोडलं होतं. त्या वर्षीच्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोझ यांच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला होता. आता मायदेशी परतायचं, एकत्र राहायचं आणि देवाच्या सेवेत आयुष्य घालवायचं, असं या मंडळींनी ठरवलं होतं. मिलानहून इथवरच्या प्रवासाचा शीण घालवत ती जहाजाची वाट पाहत होती.

याच समुद्रानं चार वर्षांपूर्वी मायलेकांची ताटातूट केली होती. 383 मध्ये कार्थेजच्या किनाऱ्यावर ऑगस्टीननं आईला खोटं सांगितलं, की मी फक्त एका मित्राला निरोप द्यायला आलोय. मोनिका जवळच्या प्रार्थनास्थळात रात्रभर प्रार्थना करत राहिली आणि पहाटेपूर्वीच मुलगा रोमच्या वाटेला लागला. ती मागे हटली नाही. समुद्र ओलांडून मिलानपर्यंत त्याच्या मागे आली. आता त्याच समुद्रावरून दोघं सोबत परतणार होती.

ते घडायचं नव्हतं. बागेकडे उघडणाऱ्या खिडकीशी मायलेकांचं अनंत जीवनाविषयी बोलणं झालं आणि पाचसहा दिवसांत मोनिकाला ताप भरला. नाविगियसला वाटत होतं, आईचा शेवट परक्या मुलखात होऊ नये. खुद्द मोनिकानं गावी पतीशेजारी आपल्या कबरीची जागा करून ठेवली होती. आता मात्र ती म्हणाली की देह कुठेही पुरा, त्याची काळजी नको. फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. आजाराच्या नवव्या दिवशी, छप्पन्नाव्या वर्षी, ती गेली.

अदेओदातुसनं हंबरडा फोडला. मोठ्यांनी त्याला गप्प केलं. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं: ज्याचा शेवट दुर्दशेत झाला किंवा जो कायमचा संपला, त्याच्यासाठी आक्रोश करायचा, मोनिकाचं तसं काहीच झालं नव्हतं. ऑगस्टीननंही डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच जिरवलं. घरात कुणाला शब्द सुचेना.

तेव्हा एव्होदियसनं स्तोत्रसंहिता उचलली आणि एक स्तोत्र गायला सुरुवात केली. सारं घर त्याच्यामागे म्हणू लागलं.

एव्होदियसची ही कृती लहान दिसते, पण मित्राचं काम म्हणजे काय ते तिच्यात आहे. त्यानं पुनरुत्थानाचा सिद्धान्त समजावला नाही, मोनिकाचे गुण सांगितले नाहीत, धीर धर असंही म्हटलं नाही. एकानं पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी झील धरायची, एवढंच घडलं. ज्याची आई गेली त्याला त्या घटकेला नवं वाक्य जुळवता येत नाही. पण कुणी सुरुवात केली, तर त्यात सूर मिसळणं जमतं.

तरीही ऑगस्टीनचे डोळे कोरडेच राहिले. समाचाराला आलेल्यांशी तो इतका शांतपणे बोलला, की ऐकणाऱ्यांना वाटलं, याला दुःखच नाही. दफनाच्या वेळच्या प्रार्थनेतही तो रडला नाही. स्नानानं मनाचा भार उतरतो असं ऐकलं होतं, म्हणून स्नानगृहात जाऊन आला. काहीच उतरलं नाही. झोप लागली, जाग आली, अंथरुणावर एकटाच असताना अँब्रोझ यांचं एक गीत आठवलं, आणि मग बांध फुटला. आयुष्यभर त्याच्यासाठी रडलेल्या आईसाठी तो तासाभराहूनही कमी वेळ रडला.

मग तर्क चुकला होता का? तर्क बरोबर होता. त्यातून अश्रूंवर घातलेली बंदी चुकीची होती. प्रेषित पौलानं थेस्सलनीकाकरांना पत्रात लिहिलं ते आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका, असं. दुःखच करू नका, असं त्यात नाही. पुढे बिशप झाल्यावर ऑगस्टीननं प्रवचनात हाच फरक सांगितला. योहानाच्या शुभवर्तमानात तर येशू लाजराच्या कबरीकडे जाताना रडतो. थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार असतो, तरी मार्था आणि मरिया या मैत्रिणींच्या भावासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याची आशा पक्की आहे आणि अश्रूही खरे आहेत.

मोनिकानं जे मागितलं, ते चर्च आजही करतं. मिस्सेत मृतांची नावं घेतली जातात. वसईतल्या ख्रिस्ती गावांत 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात.

मोनिकाच्या दफनानंतर ऑगस्टीन आणि सोबतची मंडळी वर्षभर रोममध्ये थांबून 388 मध्ये आफ्रिकेला पोचली. ऑगस्टीन हिप्पोचा बिशप झाला, एव्होदियस उझालिसचा. त्या मरणानंतर सुमारे दहा वर्षांनी ऑगस्टीननं 'कन्फेशन्स' हे आत्मकथन लिहिलं. त्यात आई पानोपानी आहे, पण तिचं नाव एकदाच येतं, नवव्या भागाच्या शेवटी. तिथे तो अनोळखी वाचकांकडे एक मागणं मागतो: वेदीपाशी मोनिकाची आठवण ठेवा, आणि तिच्या पतीची, पात्रिसियसचीही. वडिलांचं नावही साऱ्या पुस्तकात तेवढंच एकदा आलंय. गावी पतीशेजारी राखलेली जागा रिकामीच राहिली होती. मुलानं त्या वाक्यात दोघांना शेजारी ठेवलं.