इच्छा कोणाच्या खाती?

गीतेच्या तेराव्या अध्यायात इच्छा, द्वेष, सुख आणि दुःख ही क्षेत्राच्या, म्हणजे जडाच्या, खाती टाकलेली आहेत; आणि नेमकी हीच चार न्यायसूत्रांत, प्रयत्न व ज्ञान यांच्या जोडीने, आत्म्याचे अस्तित्व सिद्ध करणारी लिंगे म्हणून रुजू होतात. या जुन्या दाव्यात १९५७ साली स्वीडनमधून एक अनपेक्षित साक्ष आली. आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन टोचले. हे द्रव्य आपल्याच सर्पगंधेच्या मुळीतले, जिचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडला होता. ससे कान पाडून निपचित बसले. एल-डोपा टोचताच थोड्या वेळात पूर्ववत हिंडू लागले. मध्यमस्तिष्कातील पेशी आपले तंतू रेखित पिंडापर्यंत नेऊन तेथे जे डोपामीन सोडतात, त्याचा साठा रिसर्पिनाने रिता होतो आणि एल-डोपापासून तो पुन्हा भरतो, हे त्यामागील इंगित.

येथे नैयायिक हरकत घेईल की सशाचा प्रयत्न थांबला, इच्छा थांबली कशावरून? हरकत रास्त आहे. परंतु पुढे मिशिगनमध्ये केंट बेरिज यांनी डोपामीन जवळजवळ नाहीसे केलेले उंदीर पाहिले, तेव्हा ते आपण होऊन अन्नाला तोंड लावीत नव्हते, आणि तरीही जिभेवर साखरपाणी सोडले की पूर्वीइतक्याच आवडीने ओठ चाटीत होते. सुख शाबूत, ओढ तेवढी गेलेली! (शास्त्रकारांनी इच्छा व सुख निरनिराळी मोजली म्हणून त्यांना हे सारे ठाऊकच होते, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसत नाही.) उलट, कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामीनचे कार्य करणारी औषधे दिली असता एखाद्या हिशेबी गृहस्थाला जुगाराचा अनिवार नाद लागतो, आणि औषध कमी केल्यावर तो बहुधा ओसरतो.

एवढ्याने निकाल क्षेत्राच्या बाजूने लागला असे वाटेल. पण देह आणि मन यांच्या साहाय्याखेरीज आत्म्यात इच्छा उपजत नाही, हे नैयायिकाने प्रथमपासूनच कबूल केलेले असल्यामुळे, डोपामीनला तो निमित्तकारणांत खुशाल जागा देईल आणि विचारील, की नाद ओसरल्यावर त्या गृहस्थाला होणारा पश्चात्ताप कोणाचा? तोही बुद्धीचाच विकार, असे क्षेत्राची बाजू मांडणारे सांख्य म्हणतील. उत्तर सुसंगत आहे. मात्र त्यात साक्षी पुरुषाला पाहत राहण्यापलीकडे काही कामच उरत नाही, आणि औषधाच्या अमलाखाली केलेले कर्ज तो गृहस्थ सबब न सांगता फेडू लागतो तेव्हा मला तरी नैयायिकाचीच कैफियत अधिक ग्राह्य वाटते.